स्वर्गातलं प्रतिफळ शिकायचंय: विषय घेऊन शिकायचं की पुस्तक घेऊन?

बायबल स्टडीला "स्वर्गातलं प्रतिफळ", म्हणजे देव स्वर्गात देणार ते बक्षीस, घ्यायचं ठरलं की वाद विषयावरून होतच नाही, पद्धतीवरून होतो. निम्मे म्हणतात सगळी वचनं गोळा करू, यादी काढू, सहा-सात आठवड्यांत उरकू. बाकीचे म्हणतात मत्तयचं शुभवर्तमान, म्हणजे नव्या करारातलं येशूच्या चरित्राचं पहिलं पुस्तक, पहिल्या अध्यायापासून वाचू आणि प्रतिफळ जिथं येईल तिथं थांबू. आणि एखादी कॅथलिक मैत्रीण असली तर ती हसून सांगते, की आमच्याकडे मिस्साची, म्हणजे चर्चमधल्या उपासनेची, वाचनं ठरलेली आहेत, रोज तीच वाचा, भांडण मिटलं. मी तिन्ही प्रकारांत बसलेय, माझं मत आधीच सांगून टाकते: पुस्तक आधी, विषय नंतर. पण सगळ्यांना हेच लागू पडेल असं नाही, म्हणून एवढं लिहितेय.

विषयवार पद्धत सोपी दिसते ना, कारण तिच्यासाठी लागणारं सगळं सामान कोणीतरी आधीच करून ठेवलंय. बायबलचे अध्याय पाडले १३व्या शतकाच्या सुरुवातीला स्टीफन लँग्टन या इंग्लिश धर्मगुरूंनी, वचनांचे आजचे आकडे नव्या कराराला दिले पॅरिसच्या रोबेर एस्तिएन या छापखानेवाल्याने १५५१मध्ये, आणि कुठला शब्द कुठे येतो याची जाडजूड सूची जेम्स स्ट्राँग यांनी काढली १८९०मध्ये. आता तर फोनवर मराठी बायबलच्या ॲपमध्ये "प्रतिफळ" टाकलं की धडाधड वचनं येतात. मग फळ्यावर पाच मुगुटांची ती फेमस यादी लागते: न नासणारा (१ करिंथ ९:२५, म्हणजे करिंथकरांना लिहिलेलं पहिलं पत्र, अध्याय ९, वचन २५), आनंदाचा (१ थेस्सल २:१९), नीतिमत्त्वाचा (२ तीमथ्य ४:८), जीवनाचा (याकोब १:१२, प्रकटीकरण २:१०), गौरवाचा (१ पेत्र ५:४). सगळे वहीत उतरवून घेतात आणि मागून एकजण विचारतोच, की मग एका माणसाला किती मिळू शकतात? झालं, स्वर्ग म्हणजे एलआयसीची पॉलिसी आणि आपण हप्ते मोजत बसलोय.

यादीतलं एकच वचन जवळून बघा, १ करिंथ ९:२५. करिंथ शहराजवळ दर दोन वर्षांनी इस्थमियन खेळ भरायचे, जिंकणाऱ्याच्या डोक्यावर पाल्याचा हार, कधी पाइनच्या डहाळ्यांचा तर कधी रानटी सेलरीचा, म्हणजे काही दिवसांत वाळून जाणारा. हे पत्र लिहिणारा प्रेषित पौल करिंथच्याच लोकांना लिहितोय, त्यांना हे समजावून सांगायची गरज नव्हती. पण तो अख्खा नववा अध्याय आहे कशाबद्दल? पौलाला मंडळीकडून, म्हणजे तिथल्या चर्चकडून, मानधन घ्यायचा हक्क आहे आणि तो ते घेत नाही, याबद्दल. १८व्या वचनात तो स्वतःच विचारतो की माझं प्रतिफळ काय, आणि उत्तर देतो की सुवार्ता फुकट सांगणं हेच! पैसे न घेणं हेच प्रतिफळ. यादीत २५वं वचन येतं, १८वं मी तरी कुठल्या यादीत बघितलं नाही, कारण तिथं मुगूट नाही. १ थेस्सल २:१९चं पण तसंच, पौल म्हणतो तुम्ही थेस्सलनीकाची माणसंच आमचा मुगूट आहात, आता ही माणसं कुठल्या कपाटात ठेवणार?

याच पद्धतीची दुसरी गोची म्हणजे १ करिंथ ३:१२-१५. सोनं, रुपं, मोलवान पाषाण आणि दुसऱ्या बाजूला लाकूड, गवत, पेंढा, अग्नी पारख करणार, ज्याचं काम टिकेल त्याला प्रतिफळ, ज्याचं जळेल त्याचा तोटा, पण तो स्वतः वाचेल, जणू अग्नीतून बाहेर पडल्यासारखा. ही वचनं सुटी काढली की आपल्या पगारातून दिलेल्या दशमांशापासून संडे स्कूलच्या हजेरीपर्यंत सगळं त्यात बसवता येतं. पण तिसरा अध्याय सलग वाचला तर तिथं भांडण चाललंय "मी पौलाचा", "मी अपुल्लोसाचा" (हा दुसरा शिक्षक) असं, आणि पौल आधी बोलतोय ते मंडळी बांधणाऱ्यांबद्दल, म्हणजे शिकवणाऱ्यांबद्दल. आपल्याकडे पाळकावरून पार्ट्या पडतात ना, डिट्टो तेच. सगळ्या विश्वासणाऱ्यांना लागू करायचं तर करा, पण आधी ते कोणाला लिहिलंय हे तर बघा.

आता विषयवार पद्धतीच्या बाजूनं बोलते, कारण एक गोष्ट तिच्याशिवाय होतच नाही. येशूचे तीन दाखले, म्हणजे बोधकथा, शेजारीशेजारी ठेवा. लूक १९मध्ये दहा दासांना सारखीच रक्कम मिळते, एकजण दहापट करतो तर त्याला दहा नगरं, दुसरा पाचपट करतो तर त्याला पाच. मत्तय २५मध्ये सुरुवातच कमीजास्त आहे, एका दासाला पाच थैल्या, एकाला दोन, एकाला एक, आणि पाचाचे दहा करणाऱ्याला आणि दोनाचे चार करणाऱ्याला धनी शब्दाला शब्द तीच शाबासकी देतो. मत्तय २०मध्ये द्राक्षमळ्यात पहाटेपासून उन्हात राबलेला मजूर आणि संध्याकाळी पाचला आलेला, दोघांना सारखीच मजुरी. म्हणजे एकीकडे कामाप्रमाणे कमीजास्त, दुसरीकडे विश्वासूपणाला सारखा मान, तिसरीकडे कामाचा हिशोबच नाही. स्वर्गात सगळ्यांना सारखं की कमीजास्त, या प्रश्नावर फक्त एक दाखला हातात धरून जो माणूस छातीठोक बोलतो त्याच्यासमोर बाकीचे दोन ठेवावेत, बस. पुस्तकवार वाचणाऱ्याला लूकपर्यंत पोचायला वर्ष लागेल, तोवर मत्तय २५ डोक्यातून गेलेला असतो. फक्त एक लक्षात ठेवा, हे काम ॲपच्या सर्चवर सोडू नका, कारण मत्तय २५च्या त्या दाखल्यात "प्रतिफळ" हा शब्दच नाही, सर्च त्याला शोधणार कसा?

पुस्तकवारचं खरं बळ मात्र मत्तयमध्येच दिसतं. सहाव्या अध्यायात दानधर्म, प्रार्थना, उपास, तिन्हींत एकच ठोका: लोकांना दाखवायला केलंत तर तुमचं प्रतिफळ मिळून चुकलं, गुपचूप केलंत तर गुप्तपणे पाहणारा पिता देईल. म्हणजे प्रतिफळाची इच्छा धरणं पाप आहे असं येशू म्हणतच नाही, तो विचारतो कोणाकडून पाहिजे. मग १९व्या अध्यायात श्रीमंत तरुण खिन्न होऊन निघून जातो आणि येशूचा शिष्य पेत्र लगेच हिशोब काढतो, आम्ही तर सगळं सोडून तुमच्यामागं आलो, आम्हाला काय मिळणार? येशू त्याला झापत नाही हे बघा. बारा आसनं, शंभरपट, सार्वकालिक जीवन, सगळं देतो म्हणतो, आणि शेवटी टाचणी लावतो की पहिले ते शेवटले होतील. इथं अध्याय संपतो, आपण बायबल बंद करून चहा घेतो, आणि पुढच्या आठवड्यात द्राक्षमळ्याचा दाखला नवीन गोष्ट म्हणून वाचतो, जेव्हा की तो पेत्राच्याच प्रश्नाचं उत्तर आहे! पहाटेपासून राबलेला कुरकुर करणारा मजूर कोण ते पेत्राला कळलं असणार. त्याच्या मागोमाग येशू आपल्या मरणाबद्दल सांगतो आणि तेवढ्यात याकोब आणि योहान या शिष्यांची, जब्दीच्या मुलांची, आई येते, माझ्या पोरांना एक उजवीकडे, एक डावीकडे बसवा. इतकं सगळं ऐकूनही! (आपल्याकडची कुठलीही आई हेच करेल, मला तिचा राग येत नाही.) येशू विचारतो, मी पिणार तो दुःखाचा प्याला पिऊ शकाल का. ही साखळी विषयाच्या यादीत कधीच दिसत नाही.

मिस्साच्या वाचनांचा मार्ग मला वाटलं होतं त्यापेक्षा चांगला निघाला, पण एका अटीवर. रविवारची वाचनं तीन वर्षांच्या चक्रात फिरतात, मत्तय "अ" वर्षात येतो, आणि द्राक्षमळा सामान्यकाळातल्या (नाताळ-ईस्टरचे काळ सोडून उरलेलं चर्चचं वर्ष) २५व्या रविवारी. पण त्या रविवारी वाचन सुरू होतं २०:१पासून, आधीच्या रविवारी असतं १८व्या अध्यायातलं क्षमेचं, म्हणजे पेत्राचा प्रश्न मधल्या मध्ये गायब. रोजच्या मिस्साला जाणाऱ्यांचं नशीब बरं, २०व्या आठवड्यात मंगळवारी पेत्राचा प्रश्न आणि बुधवारी मळा, लागोपाठ. तेव्हा हा मार्ग घेतलात तर रोजचा घ्या, नुसत्या रविवारवर भागत नाही. एकट्यानं शिकणाऱ्याला, कामावरून दमून येणाऱ्याला मी हाच सुचवेन, तयारी करायला लागत नाही आणि निवड आपली नसल्यामुळे आवडती वचनं घोळवत बसायची सवय पण सुटते.

कॅथलिक की प्रोटेस्टंट, मंडळीच्या शिकवणीचा फरक पडतो, तो मात्र लपवू नका. १५४७मध्ये कॅथलिक चर्चच्या ट्रेंटच्या परिषदेनं ठामपणे सांगितलं की कृपेत राहून केलेल्या सत्कर्मांना खरोखर पुण्य लागतं, आणि त्याच वेळी हेही की ते पुण्य मुळात देवाचंच दान आहे. प्रोटेस्टंट लोक तारण कृपेनं आणि विश्वासानं मिळतं म्हणतात आणि प्रतिफळाला त्यापासून वेगळं धरतात. दोघंही बोट त्याच वचनांवर ठेवतात. मिक्स ग्रुप असेल तर विषयवार पद्धत तिसऱ्या आठवड्यात वादविवाद स्पर्धा होते, पुस्तकवारमध्ये निदान पानावर काय लिहिलंय तेवढ्यावर सगळ्यांना राहावं लागतं.

वेळेचं बोलायचं तर मत्तयचे २८ अध्याय, आठवड्याला एक धरला तरी अर्ध्या वर्षाच्या वर जातं, मध्ये नाताळ आला, परीक्षा आल्या की अजून लांबतं, युथ ग्रुप एवढा टिकत नाही हे खरंय. त्यांच्यासाठी मी फक्त ५ ते ७ आणि १९-२० एवढेच अध्याय घेईन, १९:१६पासून २०:२८पर्यंत एका बैठकीत मोठ्यानं वाचून, मध्ये न थांबता. शुभवर्तमानं एकदा तरी सलग वाचून झालेल्या मोठ्यांच्या ग्रुपनं खुशाल विषय घ्यावा, पण प्रत्येक वचनाच्या मागचा-पुढचा अध्याय घरून वाचून यायचा नियम करून. आणि ज्यांना फक्त मुगुटांची यादीच पाहिजे त्यांना ती देऊन टाका, खाली प्रकटीकरण ४:१०पण लिहा, जिथं चोवीस वडील आपापले मुगूट काढून राजासनापुढे ठेवतात.