प्रवासाचा वेळ काढायचाय: सूत्र, मिनिटांचा हिशोब की टप्पे?

अंतर भागिले वेग बरोबर वेळ, हे शाळेपासून पाठ असतं. 120 किलोमीटर, ताशी 50 चा वेग, उत्तर 2.4 तास. पहिली ठेच इथेच लागते. 2.4 तास म्हणजे 2 तास 40 मिनिटं नव्हेत, 0.4 ला 60 ने गुणायचं, म्हणजे होतात 2 तास 24 मिनिटं. हाताशी कॅल्क्युलेटर असेल आणि वेग साधारण एकसारखा राहणार असेल, तर सूत्र पुरतं.

गाडीत बसल्याबसल्या तोंडी हिशोब करायचा असेल, तर मला मिनिटांची रीत जास्त आवडते. 60 ला वेगाने भागलं की एका किलोमीटरला किती मिनिटं लागतात ते कळतं: ताशी 60 ला एक, 40 ला दीड, 30 ला दोन, 80 ला पाऊण. पाटीवर 28 किलोमीटर दिसले आणि गाडी 40 ने चाललीय, तर 28 ची दीडपट, 42 मिनिटं. दशांशाची भानगडच नाही. शिवाय गाडी दामटून किती पदरात पडतं तेही दिसतं. ताशी 30 चे 40 केले तर किलोमीटरमागे 30 सेकंद वाचतात, 80 चे 90 केले तर जेमतेम 5.

मात्र दोन्ही रीती एकच वेग धरून चालतात. निम्मा रस्ता सपाट, निम्मा घाटाचा असेल तर? 60 किलोमीटर ताशी 60 ने, पुढचे 60 ताशी 30 ने. दोन्ही वेगांची सरासरी 45 धरली तर 2 तास 40 मिनिटं येतात. प्रत्यक्षात लागतात एक अधिक दोन, तीन तास. घाटात गाडी दुप्पट वेळ असते, त्यामुळे खरी सरासरी 40 वर येते. अशा वेळी टप्पे पाडून प्रत्येकाचा वेळ काढायचा आणि मिनिटांची बेरीज करायची. थांबे त्यात वेगळे मिळवायचे, वेगात मुरवायचे नाहीत.

दोन रस्त्यांतून एक निवडायचा असेल तर मी टप्पेच मांडतो. जवळचा रस्ता 90 किलोमीटर, ताशी 45 ने 2 तास. लांबचा 120, त्यातले 10 गावातून ताशी 30 ने, म्हणजे 20 मिनिटं, उरलेले 110 ताशी 80 ने, म्हणजे साडेब्याऐंशी मिनिटं. 30 किलोमीटर जास्त असूनही लांबचा रस्ता साडेसतरा मिनिटं आधी पोचवतो, वाटेत तेवढा वेळ कुठे थांबला नाहीत तर.