ऑइलच्या झाकणाखालचा फेस आणि ३८ हजारांचा चुना

पावसाळ्यात गाडी गॅरेजला लावणार असाल तर आधी हे वाचा.

आमची तीन सिलिंडरची पेट्रोल गाडी. कूलंटची (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाची) पातळी हळूहळू उतरायची, पण खाली थेंब दिसायचा नाही. पुण्यातल्या एका गॅरेजवाल्याने इंजिन ऑइलचं झाकण काढलं, आतला ताकासारखा पांढरट फेस बोटावर घेऊन दाखवला. "साहेब, हेड गॅस्केट गेलं. पाणी ऑइलमध्ये उतरतंय. अशीच चालवली तर इंजिन बसेल." हेड म्हणजे सिलिंडरवरचं झाकण, आणि गॅस्केट म्हणजे ते व खालचा ब्लॉक यांच्यामधलं सील. हेड उतरवणं, फेसिंग (त्याचा तळ घासून सपाट करणं), नवं गॅस्केट, ऑइल मिळून ३८,००० रुपये.

काही आठवड्यांत पातळी पुन्हा खाली.

दुसऱ्या मेकॅनिकने फेसाचं ऐकलं आणि हसला. पावसाळ्यात घर ते ऑफिस एवढीच गाडी चालली की इंजिन पुरतं तापत नाही, आतल्या वाफेचं झाकणाखाली पाणी होऊन ते ऑइलमध्ये घुसळतं, तोच हा फेस. पाणी खरंच मिसळलं असेल तर डिपस्टिकवरचं (ऑइलची पातळी पाहायच्या पट्टीवरचं) ऑइलही दुधाळ दिसतं. ती पहिल्याने बाहेर काढलीच नव्हती!

मग इंजिन थंड असताना त्याने कूलंटच्या टाकीच्या तोंडावर हातपंप बसवला आणि दाब १ बारपर्यंत नेला. काटा सावकाश मागे सरकू लागला, म्हणजे कुठेतरी गळती होती. टॉर्च मारून पाहिलं तर वॉटर पंपाखाली (हा कूलंट फिरवतो) वाळलेल्या गुलाबी कूलंटची खपली. गळलेलं गरम इंजिनवरच सुकायचं, म्हणून जमिनीवर थेंब नाही. इंजिन चालू ठेवून टाकीतली हवा निळ्या द्रावणातूनही ओढली. सिलिंडरमधला वायू कूलंटमध्ये शिरत असता तर ते पिवळं पडलं असतं. निळंच राहिलं. पंप बदलला, गळती थांबली.

राहता राहिलं गॅस्केट. जुना पार्ट म्हणून पहिल्याने दिलेलं मी डिकीत ठेवलं होतं. दुसऱ्याने ते हातात घेऊन सिलिंडरची भोकं मोजली: चार. गाडी तीन सिलिंडरची! हेड आणि ब्लॉकच्या सांध्यावर जुन्या तेला-धुळीचा थरही जसाच्या तसा होता. म्हणजे हेड उतरवलंच नव्हतं.

हेड उघडायला हो म्हणण्याआधी या दोन्ही चाचण्या समोर उभं राहून करून घ्या. आणि पक्कं बिल मागा. "चुकून दुसऱ्या गाडीचं दिलं असेल," असं म्हणून पहिल्याने हात वर केले. ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, फोन करायचा तर माझ्याकडे पुरावा म्हणून एक चिठ्ठी आहे, तिच्यावर ना शिक्का ना गाडीचा नंबर, नुसतं 'इंजिन काम' आणि रक्कम.