उत्पन्नाचा दाखला: घरबसल्या की सेवा केंद्रातून?

भाचीला शिष्यवृत्तीसाठी उत्पन्नाचा दाखला हवाय. 'आपले सरकार' या सरकारी पोर्टलवर अर्ज स्वतः भरू, की कोपऱ्यावरच्या केंद्रात जाऊ? जाहिरातीतलं 'एका क्लिकवर' सध्या बाजूला ठेवू.

वेळ दोन्हीकडे सारखीच. अर्ज शेवटी तहसील कार्यालयातच जातो आणि मुदत १५ दिवसांची. केंद्रवाला 'उद्या काढून देतो' म्हणाला, तर कानाडोळा करा.

खर्चात फरक आहे, पण तो सरकारी शुल्कापेक्षा झेरॉक्स आणि स्कॅनिंगमध्ये वाढतो. केंद्रात दरफलक बघा आणि पावती मागाच.

खरी कटकट कागदांची. पोर्टलला फोटो ५ ते २० केबीत, १६० बाय २०० पिक्सेलचा लागतो. कागदपत्रं ७५ ते ५०० केबीत. मोबाइलवर काढलेला फोटो हमखास मोठा निघतो. मी एकदा रेशनकार्डाशी तासभर झटलो. केंद्रातल्या मुलाने तेच काम चहा निवायच्या आत केलं.

उलट, अर्जात त्रुटी निघाली की स्वतःचं लॉगिन कामी येतं. केंद्रातून भरताना मोबाइल नंबर आपलाच टाकायला लावा, नाहीतर संदेश केंद्रवाल्याकडे जातात. अर्ज क्रमांक जपा: मुदत टळली तर २०१५च्या लोकसेवा हक्क कायद्याखाली अपील करता येतं.

भाचीकडे लॅपटॉप आहे, तिने घरूनच भरावं. तिच्या आजोबांना ज्येष्ठ नागरिकाचा दाखला हवाय, त्यांना मात्र मी केंद्रातच नेणार.