स्टेशनजवळचं बर्गर-काउंटर: हिवाळा ते पावसाळा वापरून

नोकरी नाशिकला आणि घर भुसावळला, म्हणजे रविवारची संध्याकाळ गाडीची वाट बघण्यातच जाते. गेल्या हिवाळ्यापासून ही वाट मी स्टेशनजवळच्या एका बर्गर-काउंटरवर बघतोय. दुकानाचं नाव घेत नाही. आतली पोरं चांगली आहेत, त्यांच्याविषयी तक्रार नाहीच.

ऑर्डर द्यायला दारातच मोठा टचस्क्रीन आहे. बोट लावलं की तो विचारतो, कॉम्बो हवा का? मोठा करू का? चीज वाढवू का? मग मोबाईल नंबर. तेवढ्या वेळात एसटी स्टँडवरचा माणूस मिरचीभजी खाऊन, पाणी पिऊन, खिडकीतून रुमाल टाकून जागासुद्धा धरतो. शेवटी क्यूआर येतो आणि नेमकी तेव्हाच रेंज जाते. म्हणून स्क्रीनजवळ एक मुलगा कायम उभा ठेवलाय. तो विचारतो, "काय पाहिजे काका?" आणि आपल्या वतीने बटणं दाबतो. हेच त्याला गल्ल्यावर बसवून करता आलं असतं, पण असो.

पावतीवर टोकन मिळतं, नंबर वरच्या टीव्हीवर येतो. टीव्हीकडे कोणी बघत नाही. सगळे काउंटरला पोट टेकवून उभे.

"भो, माझं झालं का?"

"दोन मिनिट भो."

गोठवलेले फ्राइज तेलात तीनेक मिनिटं तरी राहावेच लागतात, हे तळणाऱ्याला आपल्यापेक्षा चांगलं माहीत असतं. तरी तोंडातून दोनच निघतं. खरं टोकन वेगळंच आहे: तुमची गाडी कोणती? फ्रायरशेजारी मोबाईलवर गाड्यांचं अ‍ॅप उघडं असतं. सुरतेची गाडी लागली की तिकडच्यांचे नंबर आपोआप पुढे सरकतात. महाराष्ट्र एक्सप्रेसला वेळ आहे म्हटल्यावर पुण्या-कोल्हापूरकडचे निमूट मागे होतात, कोणी भांडत नाही. आमची नाशिककडची गाडी उशिरा असली की माझा बर्गरही तिच्याबरोबर उशिरा येतो. ही पद्धत मला टीव्हीपेक्षा न्याय्य वाटते.

चवीचं म्हणाल तर बर्गर गोडुस. एकदा शेजारच्या टेबलावर नातवाबरोबर आलेल्या आजींनी एक घास घेतला, पिशवीतून दशम्यांचा डबा काढला आणि त्यातला ठेचा सरळ पावाच्या आत भरला. पोरं बघत राहिली. "बाहेरचं खाणं चालत नाही" ही पाटी आजींच्या बरोबर मागे होती, पण म्हणणार कोण?

बनाना शेकचं मात्र मला अजून झेपलेलं नाही. २०१६ मध्ये जळगावच्या केळीला भौगोलिक मानांकन मिळालं, रावेर-यावलच्या बागा इथून हाकेच्या अंतरावर, आणि हे शेक पावडरीचा करतात! विचारलं तर उत्तर, "सर, सगळ्या ब्रँचला चव सेम पाहिजे ना." दाराबाहेर हातगाडीवर खरी केळी आहेत. तिथून घेऊन गाडीत खा.

मे महिन्यात इथे पारा ४५ च्या आसपास जातो. तेव्हा फ्राइज बाहेर नेले तर गार होत नाहीत, नुसते मऊ पडतात. पण त्या दिवसांत लोक इथे खायला नाही, एसीला येतात. एक चहा घेऊन तासभर बसलं तरी कोणी उठवत नाही, याचे माझ्याकडून पूर्ण गुण. बिलात जीएसटी पाच टक्के, सर्व्हिस चार्ज नाही. तो परस्पर लावू नये असे निर्देश २०२२ मध्येच आलेत, पण इथे पाळतात हे महत्त्वाचं. चार्जिंगचे पॉइंट बरेच आहेत, चालतो खांबाजवळचा एकच, आणि तिथे कोणीतरी आधीच बसलेलं असतं.

हाताशी तासभर असेल तर जरूर जा. गाडी फलाटावर उभी असेल तर जाऊ नका, वडापाव घ्या. आणि पार्सल नेणार असाल तर केचपची पाकिटं तिथेच मोजून घ्या. मागायला परत गेलात की स्क्रीनजवळचा मुलगा पुन्हा टोकन काढायला लावतो.