फॉन फ्राय तंतूंचा संच: उंदरांवरच्या वेदना-चाचणीसाठी घ्यावा का?

उंदराच्या मागच्या पंजात कॅराजीनन (सूज आणणारा पदार्थ) टोचलं की ३-४ तासांत पंजा चांगलाच सुजतो. तोंडावाटे दिलेलं वेदनाशामक खरंच लागू पडतंय का, हे बघायला मी नायलॉनच्या तंतूंचा हा संच वापरते. तंतू २०, ०.००८ ते ३०० ग्रॅमपर्यंतचे (ग्रॅम म्हणजे तंतू वाकताना पडणारा दाब, त्याचं वजन नव्हे). उंदरांसाठी साधारण २ ग्रॅमच्या आतलेच कामाचे.

उंदीर जाळीवर शांत बसला की खालून तंतू तळव्याला टेकवायचा आणि किंचित वाकेपर्यंत दाबायचा. पंजा झटकन मागे घेतला, चाटला, तर दुखतंय. सुजलेल्या पंजाला अगदी केसाएवढा स्पर्शही सोसत नाही. औषध लागू पडलं की तोच पंजा जाळीवर निवांत टेकलेला दिसतो. सूज मात्र तशीच असू शकते, ती वेगळी मोजा.

खोट एकच, पण मोठी: नायलॉन ओलावा धरतं, मग दाब बदलतो. दमट दिवसांत प्रत्येक तंतू आधी तराजूवर दाबून तपासाच. आणि कोणत्या उंदराला औषध, कोणाला औषधाविना नुसतं द्रावण, हे तंतू धरणाऱ्याला कळता कामा नये. नाहीतर निकालावर भरवसा ठेवता येत नाही आणि उंदराला विनाकारण दुखवल्यासारखं होतं, ते मला अजिबात पटत नाही.

संच जरूर घ्या.