चिल्कॉट अहवाल (इराक युद्धाची चौकशी), फुकट पीडीएफ: वाचावा का?

५ पैकी साडेतीन स्टार. दीड स्टार का कापले ते खाली येतंच.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, २००३ मध्ये ब्रिटनने अमेरिकेसोबत इराकवर हल्ला केला, कारण काय दिलं तर सद्दामकडे रासायनिक आणि जैविक अस्त्रं आहेत, ते साठे काही सापडले नाहीत, मग २००९ मध्ये सर जॉन चिल्कॉट यांची समिती बसली आणि अहवाल यायला ६ जुलै २०१६ उजाडला. १२ खंड, २६ लाख शब्द! छापील संच ७६७ पौंडांना होता पण पीडीएफ फुकट आहे. मला स्क्रीनवर एवढं वाचवत नाही म्हणून सारांशाची दीडशे पानं कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून पाठपोट काढून स्पायरल करून घेतली, आणि अस्त्रांच्या माहितीचा चौथा खंड मात्र लॅपटॉपवरच वाचला.

आधी चांगलं सांगते. भाषा सरळ आहे, प्रत्येक परिच्छेदाला नंबर आहे, आणि कागद असे समोर ठेवलेत की वाचताना अंगावर काटा येतो. २८ जुलै २००२ ला, म्हणजे हल्ल्याच्या आठ महिने आधी, तेव्हाचे ब्रिटिश पंतप्रधान टोनी ब्लेअर अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष बुश यांना लिहितात की काहीही झालं तरी मी तुमच्यासोबत असेन. चौथ्या खंडात तर एका गुप्त सूत्राचं प्रकरण आहे, विषारी रसायन काचेच्या भांड्यांत भरतात अशी त्याची माहिती, आणि युद्धाच्या आधीच कुणीतरी लक्षात आणून दिलं होतं की अशा अस्त्रांत काच सहसा वापरत नाहीत, काचेचे गोळे एका गाजलेल्या पिक्चरमध्ये दाखवले होते. ते पान मी तीनदा वाचलं.

आता स्टार कापायचं कारण. अहवालात चुका सगळ्या आहेत पण चूक करणारा माणूस बऱ्याच ठिकाणी सापडत नाही. शाळेत कर्मणी प्रयोग शिकलो ना, तसं, इराकच्या अस्त्रांचा धोका समर्थन होणार नाही इतक्या खात्रीने 'मांडला गेला'. मी समासात पेन्सिलने 'कोणी?' असं लिहीत गेले, पुढे पुढे हात दुखला. २४ सप्टेंबर २००२ च्या सरकारी दस्तऐवजाची प्रस्तावना ब्लेअर यांच्या नावाने आहे, त्यात म्हटलंय की सद्दाम ही अस्त्रं अजूनही बनवतोय हे गुप्त माहितीवरून निःसंशय सिद्ध झालंय. अहवाल म्हणतो तसं सिद्ध झालेलं नव्हतं. इथवर बरोबर, पण पुढचं वाक्य काय, तर गुप्तचर समितीने हे ब्लेअर यांना स्पष्ट सांगायला हवं होतं. म्हणजे सही एकाची आणि ठपका समितीवर! सैनिकांना पुरेसं संरक्षण असलेल्या गाड्या वेळेत मिळाल्या नाहीत त्याचंही तेच, ही उणीव ओळखून वर सांगण्याची जबाबदारी संरक्षण खात्यात नेमकी कोणाची हे पुरेसं स्पष्ट नव्हतं म्हणे. ब्रिटिश सैन्य आणि संरक्षण खात्याचे १७९ लोक गेले, इराकी किमान दीड लाख, आणि तेही फक्त २००९ पर्यंतचे. आपल्याकडे साध्या क्लार्ककडून फाईल हरवली तरी त्याला मेमो मिळतो हो.

चिल्कॉट समितीवर सगळा राग काढणं बरोबर नाही हे मान्य, ते कोर्ट नव्हतं, युद्ध कायदेशीर होतं की नाही यावर मत देणं त्यांनी टाळलं आणि तसं सांगितलंही. आणि युद्ध हा त्या वेळी शेवटचा पर्याय नव्हता हे मात्र स्वच्छ लिहिलंय, त्याबद्दल त्यांना पूर्ण मार्क. माझा खरा राग अहवाल आला त्याच दिवशीच्या ब्लेअर यांच्या पत्रकार परिषदेवर आहे. पूर्ण जबाबदारी घेतो म्हणाले, दुःख आणि माफीही आली, आणि त्याच दमात तोच निर्णय पुन्हा घेईन. मग जबाबदारी घेतली म्हणजे नक्की काय केलं? पद आधीच सोडलं होतं, खटला नाही, शिक्षा नाही, आणि २०२२ ला 'सर' झाले.

वाचायचाच असेल तर आधी चिल्कॉट यांचं त्या दिवसाचं छोटं निवेदन वाचा, मग सारांश, आणि २००२ ची ती प्रस्तावना प्रिंट काढून शेजारी ठेवा. सलग वाचायला जाऊ नका, दमाल. पत्रकारिता किंवा आंतरराष्ट्रीय संबंध शिकणाऱ्यांनी चौथा खंड सोडू नये.