इंटरनेट कंपनीचा राउटर दगा देतो: नवा राउटर ॲक्सेस पॉइंट म्हणून लावायचा की जुना ब्रिज मोडवर टाकायचा?

आधी लॅपटॉप केबलने राउटरला जोडून बघा. केबलवर नेट नीट चालतं, फक्त वायफाय तुटतं? मग ॲक्सेस पॉइंट पुरे: नवा राउटर फक्त वायफाय देतो, बाकी काम जुनाच करतो. नव्या राउटरमध्ये तो मोड निवडा. मोडच नसेल तर त्याचा डीएचसीपी (उपकरणांना आयपी पत्ते वाटणारी सोय) बंद करा, जुना १९२.१६८.१.१ या पत्त्यावर असेल तर याला १९२.१६८.१.२ द्या आणि जुन्याकडून आलेली केबल लॅन पोर्टात (घरातल्या उपकरणांसाठीच्या) लावा, वॅनमध्ये (बाहेरून इंटरनेट येतं त्यात) नाही. इथेच बहुतेक जण चुकतात: वॅनमध्ये लावली की दुहेरी नॅट (घरातले पत्ते बाहेरच्या पत्त्यात बदलणं) होतं आणि पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरून येणारी जोडणी ठरावीक उपकरणाकडे वळवणं) दोनदा करावं लागतं. जुन्याचं वायफाय बंद करा.

केबलवरही नेट अडकतं, राउटर रीस्टार्ट केला की तासभर बरं चालतं, तर मात्र ब्रिज मोड. यात जुना डबा, म्हणजे कंपनीचा राउटर, फक्त फायबरचा सिग्नल बदलतो. लॉगिन, नॅट, फायरवॉल सगळं नव्याकडे. काम जास्त, पण दुखणं मुळातून जातं. पीपीपीओईचं (कंपनीच्या नेटवर लॉगिन करण्याची पद्धत) युजरनेम, पासवर्ड आणि व्हीलॅन क्रमांक (लाइनवरचं इंटरनेट वेगळं ओळखणारा आकडा) आधीच कंपनीकडून लिहून घ्या. व्हीलॅन चुकला तर लॉगिनच होत नाही. एमटीयू (डेटाच्या एका पॅकेटचा कमाल आकार, बाइटमध्ये) सहसा १४९२ लागतो. जास्त ठेवला तर काही साइट उघडतात, काही नुसत्या फिरत राहतात. डब्यावर लँडलाइन असेल तर ती बंद पडू शकते, तेही विचारून घ्या.

डब्यावरचा एलओएस दिवा (सिग्नल तुटल्याची खूण) लाल असेल तर दोन्ही पर्याय विसरा. दोष फायबरमध्ये आहे, तक्रार नोंदवा.